अली विरुद्ध टायसन: ही लढत झाली असती तर कोण जिंकलं असतं?

मुहम्मद अली आणि माईक टायसन रिंगमध्ये समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? हा सवाल जुनाच आहे. ईदला चुलतभाऊ, मावसभाऊ एकत्र जमतात, मोबाईलवर जुन्या लढतींच्या क्लिप्स सुरू होतात आणि वाद पेटतो. चाचा-मामू मंडळी अलीच्या बाजूने, पोरं टायसनच्या. एक म्हणतो, "टायसनने पहिल्याच फेरीत झोपवलं असतं." दुसरा म्हणतो, "अलीला हात तरी लागला असता का?" तासभर आवाज चढतात, दस्तरखान अंथरलं की विषय तिथेच राहतो.

या वादात एक गोष्ट बरी आहे. दोघंही मुसलमान, त्यामुळे 'आपला कोण' या मुद्द्यावर निकाल लागू शकत नाही. अलीने १९६४ मध्ये लिस्टनला हरवल्यानंतर आपण इस्लाम स्वीकारल्याचं जगाला सांगितलं. टायसन १९९०च्या दशकात तुरुंगात असताना इस्लामकडे वळला. म्हणजे प्रेम बाजूला ठेवून फक्त बॉक्सिंगवर बोलणं भाग आहे. आज आम्ही तेच करणार आहोत. नुसतं नाव घेऊन मोकळं व्हायचं नाही, असा अंदाज बांधायचा कसा हेही पायरी-पायरीने बघायचं आहे. ही रीत एकदा समजली की क्रिकेट असो की कुस्ती, दोन जमान्यांतल्या कुठल्याही खेळाडूंची तुलना डोकं शांत ठेवून करता येते.

आधी तारीख ठरवा

अशा वादात पहिली चूक होते ती इथेच. 'अली' म्हणजे कोणता अली? १९६४ मध्ये सोनी लिस्टनला हरवणारा २२ वर्षांचा तरुण, १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला पाडणारा ३२ वर्षांचा अनुभवी बॉक्सर, की १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर हतबल झालेला ३८ वर्षांचा थकलेला माणूस? हे तीन वेगळे अली आहेत. टायसनचंही तसंच. १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून २० वर्षांच्या वयात तो हेवीवेट गटातला सगळ्यांत तरुण जगज्जेता झाला. १९९७ मध्ये होलीफिल्डच्या कानाला चावणारा टायसन हा त्याच माणसाचा उतरता काळ होता.

दोघांनाही न्याय द्यायचा तर दोघांचा बहराचा दिवस निवडायला हवा. टायसनचा दिवस ठरवणं सोपं आहे: २७ जून १९८८. त्या रात्री त्याने तोवर एकदाही न हरलेल्या मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवं केलं. ही त्याची सलग ३५वी जीत, आणि २२वा वाढदिवस अजून तीन दिवसांवर होता.

अलीचा दिवस बहुतेक जाणकार १४ नोव्हेंबर १९६६ मानतात. ह्यूस्टनमध्ये त्याने क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं. वय २४, पाय हवेत असल्यासारखे, आणि विल्यम्सचे जेमतेम काही ठोसेच त्याला लागले. अर्थात इथे प्रामाणिक राहायला हवं. विल्यम्सला १९६४ मध्ये एका पोलिसाची गोळी लागली होती, त्यात त्याचं एक मूत्रपिंड गेलं होतं. समोरचा गडी पूर्वीसारखा राहिला नव्हता. तरीही अलीचा वेग, अंतराचं भान आणि हातांची चपळाई त्या रात्री जशी दिसली तशी पुन्हा कधी दिसली नाही.

का दिसली नाही, हे आमच्या नव्या पिढीला माहीत असायला हवं. पाचच महिन्यांनी, २८ एप्रिल १९६७ रोजी, अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. आपल्या दीनचा आणि जमीरचा हवाला दिला. त्याचा किताब काढून घेतला गेला, लढायचं लायसन गेलं, पाच वर्षांच्या कैदेची आणि १० हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो तुरुंगात गेला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० अशी साडेतीन वर्षं तो रिंगबाहेर होता. वय २५ ते २८. बॉक्सरच्या आयुष्यातली हीच तर कमाईची वर्षं. सगळ्यांत चांगला अली कदाचित कुणी पाहिलाच नाही.

मोजमाप काय सांगतं?

आता आकडे बघू. अलीची उंची ६ फूट ३ इंच, टायसनची साधारण ५ फूट १० इंच. दोन्ही हात पसरून मोजलेली लांबी, म्हणजे 'रीच', अलीची ७८ इंच आणि टायसनची ७१ इंच. वजनात मात्र फरक उलटा: अली तेव्हा सुमारे ९६ किलो, टायसन सुमारे ९९ किलो. म्हणजे बुटका माणूस जास्त भारी. ते वजन मान, खांदे आणि मांड्यांत भरलेलं.

सात इंचांचा फरक म्हणजे काय? अलीचा डावा जॅब टायसनच्या तोंडावर बसतो तेव्हा टायसनचा हात अजून हवेतच असतो. टायसनला प्रत्येक वेळी ते अंतर तोडून आत शिरावं लागेल, आणि आत शिरताना मार खावा लागेल. पण हे तर टायसन आयुष्यभर करत आला होता. त्याच्यापेक्षा उंच कितीतरी जणांना त्याने पाडलं. म्हणून नुसत्या मापावर निकाल लावता येत नाही.

'याने त्याला हरवलं' हे गणित का फसतं?

वादात हमखास येणारा मुद्दा असा: होम्सने अलीला हरवलं, टायसनने होम्सला हरवलं, मग टायसन अलीला हरवणारच! ऐकायला पक्कं वाटतं. पण वय बघा. १९८० मध्ये होम्ससमोर उभा राहिलेला अली ३८ वर्षांचा होता. १९८८ मध्ये टायसनसमोर उभा राहिलेला होम्सही ३८ वर्षांचा, आणि जवळपास दोन वर्षं रिंगबाहेर राहून परतलेला. बर्बिकचंही तेच. १९८१ मध्ये त्याने अलीला त्याच्या शेवटच्या लढतीत हरवलं, तेव्हा अली चाळिशीला टेकला होता. या जोड्यांवरून एवढंच सिद्ध होतं की वय कुणाला सोडत नाही.

आणि वय बाजूला ठेवलं तरी हे गणित चालत नाही. १९७१ मध्ये जो फ्रेझियरने अलीला हरवलं. १९७३ मध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. याच फ्रेझियरला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं, आणि नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत संपवलं. हिशोबाने फोरमनने अलीचा चुराडा करायला हवा होता. सट्टेबाजांचाही तसाच होरा होता. झालं काय? ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात आठव्या फेरीत फोरमन खाली आणि अली उभा.

बॉक्सिंग म्हणजे वजनकाटा नाही, की जड पारडं नेहमी खालीच जाईल. कागद-दगड-कात्रीचा खेळ आठवा. दगड कात्रीला मोडतो, पण कागद दगडाला गुंडाळतो. एकाची शैली दुसऱ्याला भारी पडते आणि तिसऱ्यापुढे उघडी पडते.

शैलीला शैली

म्हणून खरा सवाल हा: टायसनसारखं लढणाऱ्यांसमोर अलीने काय केलं, आणि अलीसारखं लढणाऱ्यांसमोर टायसनने काय केलं?

टायसनचा उस्ताद कस डी'अमाटो. त्याची शिकवण अशी: दोन्ही ग्लोव्ज गालांशी चिकटवून ठेवायचे, डोकं एका जागी थांबू द्यायचं नाही, समोरच्याच्या जॅबखालून आत घुसायचं आणि जवळून दोन्ही हातांनी एकामागून एक ठोसे ओतायचे. गंमत म्हणजे डी'अमाटोचा एक शागीर्द अलीशी खरोखरच लढला होता. त्याचं नाव फ्लॉइड पॅटरसन, टायसनच्या आधीचा सगळ्यांत तरुण हेवीवेट विजेता. १९६५ मध्ये अलीने त्याला बाराव्या फेरीपर्यंत जॅबने झोडपलं आणि पंचांनी लढत थांबवली. १९७२ मध्येही अलीच जिंकला. पण पॅटरसन वजनाने बराच हलका, आणि पहिल्या लढतीत त्याची पाठ दुखावलेली. त्यामुळे हा पुरावा अर्धाच धरू.

दुसरा पुरावा फ्रेझियरचा. तोही बुटका, तोही वाकत-डोलत आत येणारा, आणि डावा हुक जीवघेणा. अलीशी त्याच्या तीन लढती झाल्या, एकूण ४१ फेऱ्या. पहिली फ्रेझियरने जिंकली, पंधराव्या फेरीत अलीला खालीही पाडलं. पुढच्या दोन अलीच्या. फ्रेझियरची गाडी तापायला वेळ लागायचा. टायसन मात्र घंटा वाजताच तापलेला असायचा. त्याच्या पहिल्या १९ लढती नॉकआउटने संपल्या, त्यांतल्या १२ पहिल्याच फेरीत. शिवाय फ्रेझियरची ताकद मुख्यतः डाव्या हातात होती, टायसनची दोन्ही हातांत.

आणि अलीची एक सवय त्याला इथे महागात पडू शकली असती. तो हात खाली ठेवून, मान मागे खेचून ठोसा चुकवायचा. उस्ताद मंडळी शागिर्दांना हे करू देत नाहीत, कारण त्यात डाव्या हुकला वाट मोकळी मिळते. १९६२ मध्ये सोनी बँक्सने, १९६३ मध्ये हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये फ्रेझियरने अलीला पाडलं ते डाव्या हुकनेच. टायसनच्या भात्यातला तर तोच बाण सगळ्यांत धारदार.

आता उलट बाजू. टायसनला त्रास कुणी दिला? ज्यांना जॅब होता, पाय होते, आणि ज्यांना बिलगता येत होतं त्यांनी. १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने बारा फेऱ्या त्याला मिठी मारून काढल्या. त्याच वर्षी उंच टोनी टकरही बारा फेऱ्या टिकला. दोन्ही लढती टायसनने गुणांवर जिंकल्या हे खरं, पण नॉकआउट झाला नाही. मग ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लस आला. त्याच्यावर ४२ ला १ असा भाव होता, म्हणजे त्याची कुणीच गिनती केली नव्हती. त्याने लांब जॅब मारला, टायसन आत आला की धरून ठेवला, आठव्या फेरीत स्वतः पडूनही उठला आणि दहाव्या फेरीत टायसनला पाडलं. तो टायसन १९८८चा नव्हता. जुना ट्रेनर केव्हिन रूनी गेला होता, तयारी ढिली होती. तरी टायसनला हरवायचा नकाशा त्या रात्री जगाने पाहिला. आणि त्या नकाशातली प्रत्येक गोष्ट अलीकडे डग्लसपेक्षा जास्त होती. मान दाबून बिलगणं तर अलीची खासियत. १९७४च्या दुसऱ्या लढतीत फ्रेझियरला त्याने असंच बांधून ठेवलं होतं.

फेऱ्या किती, हे कोण ठरवणार?

हा मुद्दा सहसा कुणी काढत नाही. अलीच्या काळात किताबाची लढत १५ फेऱ्यांची असायची. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा बॉक्सर किम दुक-कू लढतीतल्या इजेने मरण पावला. त्यानंतर एकेका संघटनेने फेऱ्या १२ वर आणल्या. टायसनने बर्बिककडून किताब घेतला ती लढत १२ फेऱ्यांची होती.

अली १५ फेऱ्यांच्या जमान्यात घडलेला. मनिलात १९७५ मध्ये तो फ्रेझियरशी १४ फेऱ्या लढला. टायसन १२ फेऱ्यांच्या पुढे कधी गेलाच नाही, आणि त्याच्या लढती लांबल्या की त्याच्या ठोशांची संख्या घटायची. म्हणजे १९६६चे नियम लावले तर पारडं अलीकडे झुकतं, १९८८चे लावले तर टायसनकडे थोडं सरकतं.

आणखी एक फरक जिगरीचा. अली बँक्स आणि कूपरसमोर पडला, उठला आणि जिंकला. टायसन पडल्यानंतर उठून जिंकला, असं त्याच्या कारकिर्दीत एकदाही घडलं नाही. त्याला भित्रा म्हणता येणार नाही. पण लढत हाताबाहेर जाताना काय करायचं, याचं उत्तर अलीकडे होतं, टायसनकडे सापडलं नाही.

कंप्युटरने लावलेला निकाल

कुणी म्हणेल, आता एआयचा जमाना आहे, मशीनलाच विचारू या. हा प्रयोग पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेलाय, आणि त्याच्या मध्यभागी अलीच होता.

१९६७ मध्ये मायामीचा रेडिओ निर्माता मरे वोरोनर याने सर्व काळांतल्या हेवीवेट विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा भरवली. बॉक्सरांची माहिती एनसीआर ३१५ या कंप्युटरला दिली आणि निघालेला निकाल रेडिओवर धावत्या वर्णनासारखा ऐकवला. त्यात अली जुन्या जमान्यातल्या जिम जेफ्रीजकडून हरला. स्पर्धा जिंकली रॉकी मार्सियानोने. अली चिडला. त्याने १० लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली: अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर खोटी लढत करायची, आणि कोण जिंकलं ते कंप्युटर सांगणार.

१९६९ मध्ये शूटिंग झालं. अली २७ वर्षांचा, पण लढायला बंदी आणि पैशाची ओढाताण. मार्सियानो ४५ वर्षांचा, एकही लढत न हरता ४९ जिंकून निवृत्त झालेला, या फिल्मसाठी वजन उतरवून डोक्यावर विग चढवलेला. अनेक वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले. मार्सियानो त्याच वर्षी ३१ ऑगस्टला विमान अपघातात गेला, त्याला निकाल कळलाच नाही. जानेवारी १९७० मध्ये फिल्म थिएटरांत लागली. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपातल्या प्रेक्षकांना दाखवलेल्या शेवटात मात्र अली जिंकला!

कंप्युटर एक, लढत एक, निकाल दोन. सैन्यात न गेलेला काळा मुसलमान बॉक्सर तेव्हा गोऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या वर्गाला डोळ्यांत सलत होता. तिथे तो हरलेला दिसणंच तिकीटबारीला सोयीचं होतं. मशीनमध्ये माहिती माणूसच भरतो, आणि कोणता निकाल दाखवायचा तेही माणूसच ठरवतो. आज एखादं ॲप टक्केवारी दाखवतं तेव्हा ही फिल्म आठवावी. आकडा बघायला हरकत नाही, पण तो कशावरून आला हे आधी विचारा.

आमचा अंदाज

आता आम्हीही आमचा होरा मांडतो. १९६६चा अली, १९८८चा टायसन, १५ फेऱ्या.

पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या. तो आत घुसणार, बरगड्यांवर मारणार, एखादा डावा हुक लागणार. अली एकदा खाली पडला तरी आम्हाला नवल वाटणार नाही. लढत टायसनने जिंकायची असेल तर ती इथेच. पाचव्या फेरीपासून जॅबचा हिशोब सुरू होईल. टायसन आत आला की मिठी, सुटला की दोन-तीन ठोसे आणि बाजूला. वर अलीचं बोलणं चालूच. आठव्या-नवव्या फेरीपर्यंत टायसनचं डोकं हलायचं कमी होईल, आणि दहाव्या ते तेराव्या फेरीदरम्यान पंच लढत थांबवतील किंवा अली गुणांवर जिंकेल.

अशा दहा लढती लावल्या तर आमच्या मते सात अलीच्या आणि तीन टायसनच्या. फेऱ्या १२ केल्या तर सहा-चार. अली १९७५चा घेतला, पाय जड झालेला, तर जवळपास बरोबरी. आणि १९८०चा घेतला तर टायसन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मोकळा. म्हणूनच 'अली की टायसन' या सवालाला एक उत्तर नाही.

त्या दोघांना विचारलं असतं तर? तेही घडलंय. १९८९च्या सुमारास आर्सेनियो हॉलच्या टीव्ही कार्यक्रमात दोघं शेजारी बसले होते. तिथे हाच विषय निघाला आणि दोघांनीही मोठेपणा एकमेकांना दिला. आपल्या ग्रुपमध्ये शिवीगाळ करणाऱ्या पोरांनी ती क्लिप जरूर बघावी.

हिशोबात न धरलेली किंमत

एक गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन झाल्याचं निदान झालं. १९९६ मध्ये अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरणारा हात साऱ्या दुनियेने पाहिला. ३ जून २०१६ रोजी तो अल्लाहला प्यारा झाला. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या ठोशांनी मेंदूचं नुकसान होतं, हे वैद्यकशास्त्र मानतं. चेहऱ्यावर मारू नये ही शिकवण आपल्या घराघरांत दिली जाते, आणि अनेक उलेमांनी या खेळावर आक्षेप घेतला आहे तो याच कारणाने. मुलाला बॉक्सिंगच्या क्लासला घालणाऱ्या आई-वडिलांनी डोक्यावर मार किती बसतो, हेडगार्ड असतं का, मार लागल्यावर किती दिवस विश्रांती देतात, हे विचारलंच पाहिजे.

टायसनबद्दलही खरं तेच सांगायला हवं. १९९२ मध्ये त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं आणि त्याने तीन वर्षं तुरुंगात काढली. २०१० मध्ये त्याने उमरा केला. त्याच्या तौबाचा हिशोब अल्लाहकडे. पण तो आपल्या दीनचा म्हणून त्याचा गुन्हा झाकायचा, हे आम्हाला मान्य नाही. बॉक्सर म्हणून त्याला दहापैकी तीन लढती देताना आम्ही जशी मापं काढली, तशीच माणूस म्हणूनही काढायला हवीत.

तेव्हा पुढच्या वेळी घरात हा वाद निघाला की नाव घेण्याआधी तीन सवाल विचारा. कोणत्या वर्षाचा अली? कोणत्या वर्षाचा टायसन? आणि फेऱ्या किती? उत्तरं ठरली की मग खुशाल भांडा. तुमचा अंदाज आमच्याहून वेगळा असेल, तर तो कोणत्या लढतीवरून बांधलात तेवढं मात्र कळवा.